फेल पोनीला हिवाळ्यासाठी कोणता टर्नआउट रग घ्यावा?

मेघना_केंडल | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

मंडळी, मदत हवी आहे. इथे घोडेवाले फार नसतील याची कल्पना आहे, पण इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर चाळीस जणांनी पन्नास मतं दिली आणि शेवटी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणून घरच्या माणसांत विचारते.

आम्ही कम्ब्रियात, केंडलच्या जवळ. लेक तेरा वर्षांची. ऑगस्टपासून तिच्यासाठी एक फेल पोनी (इथली डोंगरी, ठेंगण्या घोड्यांची जात) लोनवर घेतली आहे. म्हणजे मालकी मूळ मालकिणीची. खर्च, खरारा आणि लीद उचलणं आपलं. घोडी आहे, नाव हेदर, वय अकरा, रंग काळा, पायांना खुरांपर्यंत झुलणारे केस, आणि आयाळ अशी की लेकीचे केस विंचरायला लागत नाही तितका वेळ तिथे जातो. उंची १३.१ हात. (एक हात म्हणजे चार इंच, आणि तो .१ दशांश नव्हे, एक इंच. म्हणजे ५३ इंच. मी पहिले दोन महिने सगळ्यांना चुकीचं सांगत होते.)

हेदर चोवीस तास कुरणातच असते. सोबत आणखी दोन पोन्या, एका बाजूला दगडी गडगा, कोपऱ्यात तीन भिंतींची शेड. पाऊस म्हणाल तर आमच्या इथून तासाभरावर सीथवेट आहे, इंग्लंडमधलं सगळ्यात जास्त पावसाचं वस्तीचं गाव, वर्षाला ३,३०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरवाले हसतील. पण तुमचा चार महिन्यांत उरकतो हो, इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो.

तर यार्डात, म्हणजे तबेल्याच्या आवारात, सगळ्यांच्या घोड्यांवर टर्नआउट रग, म्हणजे कुरणात घालायची जलरोधक पांघरुणं, चढायला लागलेत. लेक रोज म्हणते, "आई, फक्त हेदरच उघडी आहे." दुकानात गेले तर डोकं गरगरलं. आतलं भरण शून्य ग्रॅम, ५० ग्रॅम, १००, २००, ३००. ६०० डेनियर, १२०० डेनियर, १६८० डेनियर. मान असलेला, मान नसलेला, मान काढता येणारा. विकणारी मुलगी म्हणाली, "बहुतेक लोक २०० ग्रॅम नेतात." बजेट १२० पौंडांपर्यंत. नक्की काय घेऊ?

घोडनवरा | २६ ऑक्टोबर, रात्री १०:२२

माझा या विषयातला अनुभव फक्त बिल भरण्याचा आहे. बायकोच्या एका घोड्याचे सात रग आहेत. माझ्याकडे जॅकेट एक, तेही २०११चं. वाचतोय.

टापटीप | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

मेघना, रगचं नंतर बघू. आधी हे सांग: हेदरचे केस मशीनने कापले आहेत का? कामाला किती लागते? आणि अंगाने कशी आहे? फोटोत नको, हात लावून सांग. बरगड्या बोटांना लागतात का, मानेचा वरचा कणा मऊ आहे की घट्ट उभा राहिलाय, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या आहेत का.

मी चौदा वर्षं वेल्समध्ये आहे, घरी दोन वेल्श कॉब (जाडजूड बांध्याचे घोडे). पहिल्या हिवाळ्यात मीही २०० ग्रॅमचाच रग घेतला होता. मार्चमध्ये रग उतरवला तेव्हा घोडी ऑक्टोबरपेक्षा जाड निघाली. हिवाळ्यात बारीक व्हायचं सोडून जाड! मे महिन्यात लॅमिनायटिस झाला. खुरांच्या आतल्या थराला सूज येते, घोडं पुढचे पाय पुढे टाकून सगळा भार मागे घेऊन उभं राहतं. एकदा बघितलं की विसरता येत नाही. व्हेटने पहिला प्रश्न विचारला, "हिवाळ्यात हिच्या अंगावर काय होतं?"

या डोंगरी जाती, म्हणजे फेल, डेल्स, एक्समूर, डार्टमूर, हायलँड, वेल्श, शेटलंड, सगळ्या वाऱ्यावाटे येणाऱ्या अन्नावर जगतात असं इथे गमतीने म्हणतात. उन्हाळ्यात चरून साठवायचं आणि हिवाळ्यात ऊब धरण्यात ते जाळायचं, हा त्यांचा वर्षाचा जमाखर्च. आपण रग घातला की खर्चाची बाजू बंद. मग वसंतात गोड गवत येतं आणि जमा चालूच राहते.

मेघना_केंडल | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

टापटीपताई, आजच बघून आले. केस कापलेले नाहीत. शनिवार-रविवार तासभर रपेट, मधे एखाद दिवस अर्धा तास, बास. बरगड्या... दाबल्यावर लागतात. नीट दाबल्यावर. वजनाची फीत लावली तर ३८५ किलो दाखवते, मालकीण म्हणाली होती ३६०. शेपटीपाशी गाद्या आहेत का म्हणाल तर, उशी घेऊन झोपता येईल.

पण ताई, पावसाचं काय? आज पाच अंश होते आणि ती पावसात उभी होती, पाठ वाऱ्याकडे, मान खाली. बघवत नव्हतं.

अण्णा_सातारकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३१

आमचे आजोबा भीमथडी तट्टू बाळगून होते, त्यामुळे नाक खुपसतो. अंगावर घालायची झूल ही मिरवायची वस्तू. पोळ्याला बैलावर, लग्नाला घोडीवर. तुम्ही जो रग म्हणता तो झूल नव्हे, ते इरलं झालं. भात लावताना बाया डोक्यापासून पाठीवर घेतात ते. आत कापूस भरलेलं असेल तर मग घोंगडं. आमच्याकडे धनगराचं घोंगडं पावसातही चालतं, पाणी वरच्या वर ओघळतं.

अवांतर: इंग्लंडच्या राणी एलिझाबेथबाईंच्या अंत्ययात्रेच्या वेळी विंडसरला रस्त्याकडेला एक काळी पोनी उभी होती, खोगिरावर रुमाल ठेवलेला. एमा नाव. ती फेलच ना?

मेघना_केंडल | २७ ऑक्टोबर, रात्री ९:४४

हो अण्णा, फेलच. यार्डात ज्यांना त्यांना ते सांगायचं असतं.

टापटीप | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

अण्णांनी नेमका शब्द दिला. मेघना, हेदरच्या अंगावर जन्मतःच इरलं आहे. आज पाऊस पडून गेल्यावर जा. वरून ती ओलीचिंब दिसेल, केसांच्या टोकांना थेंब लोंबत असतील, केस झुपक्या-झुपक्यांनी चिकटून खाली वळलेले असतील. त्या झुपक्यांत बोट घाल, अगदी कातडीपर्यंत. ओलं लागतंय का बघ आणि इथे येऊन लिही.

वरचे लांब राठ केस पाणी ओघळवतात, खालचे बारीक दाट केस हवा धरून ठेवतात. थंडी वाढली की केस मुळाशी उभे राहतात आणि हवेचा थर जाड होतो. अंगाचं तेल वर असतंच. म्हणून हिवाळ्यात मी माझ्यांना खरारा फक्त खोगीर टेकतं तिथे करते, चिखल काढण्यापुरता. घासून घासून चकाचक केलं तर ते तेल जातं. आणि हे केस थंडी पडली म्हणून वाढत नाहीत, मुख्यतः दिवस आखूड होऊ लागले की वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपण टीशर्टात असतो तेव्हा त्यांची तयारी सुरू झालेली असते.

आता पातळ रगची गोम ऐक. शून्य किंवा ५० ग्रॅमचा रग घातला की तो हे उभे केस दाबून सपाट करतो. हवा गेली. बदल्यात ऊब किती मिळाली? जवळजवळ नाही. म्हणजे कोरड्या थंडीत उघडी पोनी पातळ रगवालीपेक्षा उबदार असू शकते. रग घालायचाच तर का घालतोय हे ठरवून घालावा.

उरली पोटातली शेगडी. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चाऱ्याचे तंतू आंबतात आणि त्यातून सतत उष्णता निघते. गारठ्याच्या रात्री रगपेक्षा सुकं गवत जास्त कामाचं. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के धर. हेदर जाड आहे, म्हणून दीडच्या जवळ, ५ ते ६ किलो, आणि ते थोड्या-थोड्या वेळाने मिळेल असं बारीक जाळीच्या पिशवीत. शक्य असेल तर पाण्यात भिजवून, साखर थोडी उतरते.

पिंगट | २८ ऑक्टोबर, दुपारी १:०५

टापटीप, सगळं मान्य, पण हे "नेटिव्हला (इथल्या मूळ जातींना) रग नको" प्रकरण आता धर्मासारखं झालंय आणि मला त्याचा राग आहे.

माझा शेटलंड २७ वर्षांचा. अ‍ॅबरडीनशायर. कुशिंग्ज (हार्मोनचा आजार) आहे, दात झिजलेत, सुकं गवत चावून गोळे करून थुंकतो, भिजवलेला लगदाच खातो. दोन वर्षांपूर्वी यार्डातल्या एका बाईंनी मला ऐकवलं, "शेटलंडला रग? लाज वाटत नाही?" मी बावळटासारखी ऐकून रग काढला. तीन आठवडे. केस एवढे लांब होते की वरून गुबगुबीतच दिसायचा. एक दिवस हात लावला तर खाली कणा आणि खुब्याची हाडं. मी तिथेच चिखलात बसून रडले. त्याला आता नोव्हेंबर ते एप्रिल १०० ग्रॅम आणि कडाक्यात २०० असतो, आणि ज्यांना लाज काढायची त्यांनी खुशाल काढावी.

जात बघून नाही, जनावर बघून ठरवा.

टापटीप | २८ ऑक्टोबर, दुपारी १:४०

पिंगट, यात वाद नाहीच. म्हातारं, आजारी, हाडं दिसणारं, केस कापलेलं, पिल्लू, यांचा हिशेब वेगळा. पण मेघनाची अकरा वर्षांची आहे आणि २५ किलो जास्त आहे.

पिंगट | २८ ऑक्टोबर, दुपारी १:५२

तिच्याबद्दल मी काही म्हटलंच नाही. पण इथे वाचणारे फक्त मेघना नाहीत. आणि पातळ रग निरुपयोगी नसतो. दोन अंशांत आडवा पाऊस आणि वारा आठ-आठ तास चालला की तुमचं जन्मजात इरलंही भिजतं. कातडीपर्यंत पाणी गेलं की हवा उरत नाही, तिथे केसांचा उपयोग संपला. तेव्हा शून्य ग्रॅमचा रग पाणी अडवतो एवढं पुरे आहे. उणे आठच्या कोरड्या रात्रीपेक्षा मला अधिक दोनवरच्या पावसाची भीती वाटते.

टोरांटोचा_ठोंब्या | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:३०

पिंगट यांच्याशी सहमत. आमच्या मुलीच्या रायडिंग स्कूलमधले घोडे उणे अठरात उघडे असतात, पाठीवर बर्फाचा थर. पहिल्यांदा बघून मी घाबरलो तर तिथला माणूस म्हणाला, बर्फ वितळत नाही म्हणजे आतली ऊब बाहेर येत नाहीये, ही चांगली खूण. दाट हिवाळी केस, कोरडी हवा आणि पोटभर चारा असेल तर घोडा साधारण उणे पंधरापर्यंत विशेष कष्ट न घेता तग धरतो म्हणतात. त्याचा आरामाचा पट्टा साधारण ५ ते २५ अंश. आपण पाच अंशांत कानटोपी शोधतो, तो तिथे निवांत असतो.

आणि घोड्यालाच का विचारू नये? नॉर्वेत २०१६ साली यावर काम प्रसिद्ध झालं. २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या: आडवी रेघ म्हणजे घाला, उभी म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे तसंच राहू द्या. घोडा नाकाने फळीला स्पर्श करून सांगायचा. दोन आठवड्यांत सगळे शिकले. थंड, ओल्या, वाऱ्याच्या दिवशी घाला म्हणायचे, चांगल्या हवेत काढा म्हणायचे.

घोडनवरा | २८ ऑक्टोबर, रात्री ८:०१

आमच्याकडे अशी फळी लावली तर घोडा "नवीन आणा" वर नाक ठेवेल. बायकोने शिकवलेलं असेल.

मेघना_केंडल | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१०

ताई, केलं. रात्रभर पाऊस होता, सकाळी सव्वासातला लेक आणि मी गेलो. वरून हात फिरवला तर तळवा निथळत होता. मग पाठीवर, खोगीर बसतं तिथून जरा मागे, केस बाजूला करून बोट आत घातलं. पहिलं पेर ओलं, मग दमट, आणि कातडीपाशी कोरडं. कोरडं आणि गरम! भाताच्या कोठीत हात घातल्यासारखी ऊब. लेकीने चार ठिकाणी बोट घालून बघितलं. हेदर एवढा वेळ गवत खात होती, मान वरसुद्धा केली नाही.

लेक परत येताना गाडीत गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मलाच थंडी वाजत होती."

मला माझी आई आठवली. पुण्यात १८ अंश झाले की आम्हाला कानटोपी. आम्ही घामाघूम, तिला बरं वाटायचं.

तरी पिंगट म्हणतात तो आडवा पाऊस इथे नेमाने येतो. म्हणून असं ठरवतेय: भरण नसलेला एकच रग आणून ठेवायचा, आणि सलग पाऊस-वाऱ्याच्या दिवशीच घालायचा. बरोबर ना? आणि माप कसं घेऊ?

टापटीप | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:००

बरोबर. पिंगट, तुम्ही जिंकलात. :)

माप: शिवणकामाची फीत घे, लोखंडी नको. घोडी सपाट जमिनीवर, मान सरळ. छातीच्या मध्यापासून सुरू कर, खांद्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फीत ने, आणि ढुंगणाच्या टोकाचं हाड लागतं तिथपर्यंत. इथले रग तीन-तीन इंचांच्या फरकाने येतात. उंचीच्या तक्त्यावर जाऊ नकोस. तो तक्ता सडपातळ घोड्यांसाठी असतो. फेल म्हणजे खांद्यांत पहिलवान. कॉबसाठीचा कट मिळतो का बघ, छातीत आणि गळ्यात सढळ असतो.

आणून चढवलास की आधी विदर्स बघ. मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा. रगचा गळा त्याच्या पुढे बसला पाहिजे. मागे सरकला तर खांदे ओढले जातात आणि महिनाभरात तिथले केस घासून टक्कल. छातीचा पट्टा लावल्यावर मूठ आत गेली पाहिजे. पोटाखालचे पट्टे एकमेकांवर फुली करून, पोट आणि पट्टा यांत एक तळहात उभा राहील एवढी जागा. मागच्या पायांचे पट्टे एकातून एक ओवून लाव, म्हणजे रग मधोमध राहतो आणि मांड्या घासत नाहीत. घालताना पुढून मागे बंद कर, काढताना मागून पुढे सोड. उलट केलंस आणि घोडी बुजली तर रग तिच्या पायात आणि तू गडग्यापलीकडे.

मान जोडलेला घेऊ नकोस. एवढ्या आयाळीवर तो चढवलास तर आत घाम आणि गुंता.

डेनियर म्हणजे कापडाचा दणकटपणा, उबेशी संबंध नाही. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. सोबतच्या पोन्या चावऱ्या असतील तर १२०० घे, शांत असतील तर ६०० चालेल. पॅकेटवर जलरोधक आणि श्वास घेणारा हे दोन्ही लिहिलेलं हवं. तबेल्यात घालायचा रग चुकून आणू नकोस, तो पाणी पितो.

बंड्या_ब्रिस्टल | ३० ऑक्टोबर, सकाळी ११:१९

धुण्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. आमच्या पोरीने रग घरच्या मशीनमध्ये नेहमीची पावडर टाकून ६० अंशांवर धुतला. जलरोधक थर गेला, रगचा टॉवेल झाला. आम्हाला कळलंच नाही. पंधरा दिवस घोड्याच्या पाठीवर ओलं अस्तर. पाठीवर खपल्या आल्या, केसांचे झुपके मुळासकट हातात यायला लागले. रेन स्काल्ड. ते जिवाणूंचं काम, आणि ओल्या उबेत त्यांची चंगळ. पाठ बरी व्हायला महिना गेला, आणि मशीनमधून अजून घोड्याचे केस निघतात. बायकोच्या साडीवर निघाले परवा.

मेघना_केंडल | ६ नोव्हेंबर, रात्री ८:२५

आणला. शून्य ग्रॅम, १२०० डेनियर, मानेशिवाय, ५ फूट ६ इंच, कॉबचा कट, ८५ पौंड. रंग लेकीने निवडला, जांभळा. काळ्या घोडीवर जांभळा, नऊवारीच नेसवली म्हणा.

नवऱ्याने विचारलं, "जो घालायचा नाही तो ८५ पौंडांचा?" त्याला हा धागा वाचायला दिलाय.

घोडनवरा | ६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

त्यांना माझा नंबर द्या.

पिंगट | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०२

घातलास की रोज काढून बघायचा. रोज. खांद्यामागे रगखाली हात घालायचा. दमट आणि गरम लागलं तर घामाने भिजतेय, लगेच काढ. पाऊस थांबला की "राहू दे उद्यापर्यंत" म्हणायचं नाही. सगळे तिथेच चुकतात.

मेघना_केंडल | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३५

धागा वर आणतेय. हिशेब द्यायचा राहिला होता.

तीन महिन्यांत रग एकूण सहा दिवस घातला. त्यातल्या तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर शेड रिकामी, दोन्ही सोबतिणी गडग्याच्या आडोशाला, आणि हेदर कुरणाच्या मधोमध चिखलात लोळून उभी. जांभळा रंग कुठेच दिसत नव्हता. आत हात घातला तर कोरडी होती, एवढं मात्र खरं.

वजनाची फीत काल ३६४ दाखवत होती. बरगड्या आता हलक्या हाताला लागतात. शेपटीपाशी उशी नाही राहिली. लेक दर रविवारी वहीत आकडा लिहिते, शाळेचा गृहपाठ एवढ्या नेमाने करत नाही.

जानेवारीत एका पहाटे बर्फ पडला. उणे सहा. लेक माझ्या आधी गाडीत जाऊन बसली होती. हेदर पाठीवर चार बोटं बर्फ घेऊन सुकं गवत खात उभी, पापण्यांवरसुद्धा दाणे. लेकीने हातमोजा काढला, बर्फाखालून बोट घातलं आणि म्हणाली, "ये, आई, हात शेकून घे."

बंड्या_ब्रिस्टल | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५८

मेघनाताई, तो जांभळा विकणार असाल तर सांगा. आमचं माप ५-६च आहे, आणि आमच्याकडे आता टॉवेल आहे.

मेघना_केंडल | ९ फेब्रुवारी, रात्री १०:०४

थांबा हो, अजून मार्च जायचाय. आणि धुवायचा कसा ते तुम्हीच सांगितलंय, तुम्हाला द्यायला जरा धीर होत नाही.